नितळ पाण्यातल्या तिसऱ्या

“वैजू! अगो, वास नाय गो! ये, वास घेवन बघ!”

माझी सासू गुडघाभर चिखलात वाकून उभी होती आणि ओंजळीतलं पाणी माझ्या नाकाशी धरायला धडपडत होती. पाणी कुठलं, तर अख्ख्या देवसळ गावच्या गटाराचं. गावातले संडास, हॉटेलांच्या मोऱ्या, खाटकांच्या दुकानांचं धुवण, सगळं मिळून जे काय होतं ते. आणि ही बाई ते तीर्थासारखं हातात घेऊन उभी! मी नाक मुरडून मागे सरले.

“अगो मेल्ये, नाक कसलां मुरडतंस? ह्यां आता गटार नाय. फिल्टर झालेलां पाणी असा. तोंड दिसता बघ माझां तेच्यात.”

खरंच दिसत होतं. नगरपरिषदेच्या नव्या सांडपाणी केंद्रातून आलेला जाडजूड पाइप आमच्या खाजणवाडीपाशी खाडीत उघडत होता आणि त्या दिवशी सकाळी त्याच्यातून पहिल्यांदा पाणी आलं होतं. नितळ, तळाचा खडा दिसेल असं. माझी सासू ते बघून हसली, मग रडली, मग पदराने डोळे पुसत परत हसली. माझे सासरे गेले तेव्हा मी या घरात नव्हते, पण जुनी माणसं सांगायची की तेव्हाही ही बाई चारचौघांत रडली नव्हती.

तिचं नाव अनुसया कुबल. वाडीत सगळे अनशाकाकी म्हणायचे, मी आये म्हणायचे. माझं माहेर देवगडकडचं, बंदरावरचं. बाबांचा स्वतःचा ट्रॉलर. आमच्याकडे मासळी म्हणजे सुरमई, सरंगा, गेलाबाजार बांगडा. ओहोटीला खाडीत बसून बोटांनी चिखल उकरत तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या, काढणं हे आम्ही गरिबाघरचं काम समजायचो. आणि लग्न होऊन आले ती नेमकी अशा घरात, की नवरा वर्षातला बहुतेक काळ दुसऱ्याच्या बोटीवर खलाशी आणि घर चालतं सासूच्या तिसऱ्यांवर. पहिल्याच आठवड्यात आयेनं मला सुनावलं होतं, “सुरमई बापाशीकडे जावन खा. हय शिंपल्यो खावच्यो लागतले.” पुढे मीच त्या चिखलात अशी काही रमले की माहेरचे मला हसायला लागले.

तिसऱ्या काढणं सोपं हो, कुणीही काढील. खरी कला त्या ओकवण्यात. तिसरी चिखलात राहते, पोटात वाळू धरते. म्हणून काढलेल्या तिसऱ्या जुन्या जाळ्याच्या पिशवीत बांधायच्या, खाडीतलं सगळ्यांत नितळ पाणी शोधायचं आणि एका भरतीपासून दुसऱ्या भरतीपर्यंत त्यात टांगून ठेवायच्या. शिंपली तोंड उघडते, पाणी आत घेते, बाहेर टाकते, असं करत करत सगळी वाळू ओकून मोकळी होते. न ओकवलेली तिसरी विकणं म्हणजे आमच्या बायकांत पाहुण्याला उष्टं वाढण्यासारखं. आयेच्या तिसऱ्यांत कधी दाताखाली कण आला नाही. बाजारात गिऱ्हाईक आधी तिची पाटी शोधायचं, ती संपली की मग बाकीच्यांकडे वळायचं. बाकीच्या जळायच्या, पण मानायच्याही.

मग देवसळला पर्यटक यायला लागले. जिथे दोन खानावळी होत्या तिथे लॉजच लॉज झाले. सगळ्यांचं घाण पाणी व्हाळात, म्हणजे आमच्याकडच्या ओढ्यात, आणि व्हाळ सरळ खाडीत. तिसऱ्या चिखलातून काढतानाच नाकाला पदर लावावा लागे. गिऱ्हाईक पाटीवर वाकायचं आणि तसंच सरळ व्हायचं. ज्या बाईच्या पाटीसाठी लोक थांबून राहायचे ती दुपारी भरली पाटी डोक्यावर घेऊन परत यायला लागली. घरी आणून करायचं काय त्याचं? परसात ओतायचं आणि वर माती लोटायची.

पण तिला खरा घाव बसला तो वेगळाच. माझी नणंद, शामल, कणकवलीकडे दिलेली. आयेची एकुलती लेक. तिला लहानपणापासून तिसऱ्यांचं वेड, भाताबरोबर नुसत्या शिंपल्या चोखत बसायची. आये एकदा डबा भरून घेऊन गेली तिच्याकडे. शामलच्या सासूनं झाकण उघडलं, वास घेतला आणि घरच्या सगळ्या माणसांसमोर डबा परत हातात दिला. “विहीणबाई, तुमच्या खाडीतलं आता आमच्याकडे नको. त्यात काय काय येतं ते सगळ्यांना माहीत आहे.” शामल बिचारी खाली मान घालून उभी. आये एस्टीत सबंध रस्ताभर डबा मांडीवर धरून बसली. घरी आल्यावर डबा घासता घासता एवढंच म्हणाली, “माझ्या चेडवाक, शामलाक, माझ्या खाडीतलां घालूक नाय तर मी नावाची अनशा नाय.”

आणि मग ती नगरपरिषदेच्या मागे लागली. किती वर्षं, ते मोजण्यात अर्थ नाही. दर वेळी कुणीतरी खुर्चीतून म्हणायचं, “बघतो हां काकी.” कधी म्हणे प्रस्ताव वर गेलाय, कधी म्हणे वरून यायचाय. आमच्या वाडीतल्या बायका, आम्ही कुबल, मुसलमानवाडीतली जुलेखाभाभी आणि तिच्या सुना, सगळ्या पायऱ्यांवर जाऊन बसायचो. एकदा आयेनं नासक्या तिसऱ्यांची पाटी उचलली आणि नगराध्यक्षांच्या टेबलावर पालथी केली. “खावा! आमका खाऊक सांगतास ना, तुम्ही खावा आधी! शिरा पडली तुमच्या कारभारार!” पोलीस आले, दिवसभर बसवून ठेवलं. दुसऱ्या दिवशी बाई परत पायरीवर हजर.

शेवटी कुठून तरी योजना आली आणि केंद्र बांधलं गेलं. आयेला वाटायचं, आपल्या त्या पाटीमुळे झालं. मी तिचा समज कशाला मोडू? कुणी सांगावं, झालंही असेल.

म्हणून ती त्या दिवशी पाइपाच्या तोंडाशी रडली.

त्याच आठवड्यात आणखी एक चांगली बातमी होती. शामलला कितीतरी वर्षांनी दिवस राहिले होते आणि सातव्या महिन्यात डोहाळजेवणाला तिच्या सासरची माणसं आमच्याकडे यायची होती. म्हणजे ती डबा परत करणारी विहीणही. आये घरात इकडून तिकडे नुसती भिरभिरत होती. मी चिडवलं, “आये, बाळंतपण तिचां, नि कळा तुमका येतत जणू!” तर म्हणाली, “येवंदेत. पण तिसऱ्यो माझ्या खाडीतल्योच. विहिणीच्या पानात मी माझ्या हातान वाढतलंय.”

आता अडचण अशी, की तिसऱ्या ओकवायच्या कुठे? गटार बंद झालं तरी वर्षानुवर्षांचा काळा गाळ खाडीत तसाच होता. आमच्या नेहमीच्या दगडांवर शेवाळाचा बुळबुळीत थर. अख्ख्या खाडीत नितळ पाणी म्हणाल तर एकाच ठिकाणी, त्या पाइपाच्या तोंडाशी. आयेनं नीट बघून ठेवलं. अगदी तोंडाजवळ नको, तिथलं पाणी गोडं, गोड्या पाण्यात तिसरी तोंड मिटते. थोडं अलीकडे, जिथे भरतीचं खारं पाणी येऊन मिळतं, तिथे तिनं खुंटी ठोकली आणि मूठभर तिसऱ्यांची पिशवी टांगून बघितली. पहिल्या खेपेला झकास उघडल्या. वाळूचा कण नाही. आयेचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

पण केंद्राच्या उद्घाटनाची गडबड आटोपली आणि पाण्याला कसला तरी उग्र वास यायला लागला. धुलाईच्या दुकानात येतो तसा. त्या दिवशी टांगलेल्या तिसऱ्या काही केल्या तोंड उघडेनात. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्यांदा तर अर्ध्याअधिक मेल्या. आये पिशवी हातात घेऊन खडकावर बसून राहिली. डोहाळजेवण तोंडावर आलेलं. मग उठली, घरी आली, बांगड्याच्या तिखल्याचा डबा भरला आणि मला म्हणाली, “चल, उल्हासाकडे जाव या.”

उल्हास गवंडे हा केंद्रावरचा ऑपरेटर. चाळिशीचा, दोन मुलांचा बाप, आधी एका लॉजवर पंप बघायचा. साधा माणूस. आयेला काकी म्हणायचा आणि तिच्या हातच्या तिखल्यावर जीव टाकायचा.

“उल्हासा, तुझ्या पाण्यात काय घालतंस रे?”

“कित्याक गो काकी?”

“माझ्यो तिसऱ्यो तोंडां उघडनत नाय. रुसान बसल्यासारख्यो. काल तर कितीतरी मेल्यो.”

उल्हासनं आम्हाला शेवटच्या टाकीपाशी नेलं. तिथे निळं पिंप होतं आणि त्याच्या तोटीतून एक बारीक नळी पाण्यात सोडलेली. “ह्यां औषध. पाणी खाडीत सोडूच्या आधी थोडां थोडां पडत रवता. तेना जंतू मरतत, असां सांगलानी आमका.”

“जंतू मरतत नि तिसऱ्यो पण मरतत! अरे, पाणी तर तुझां आधीच नितळ असा.” आये टाकीत वाकली. “ह्या बघ, तळ दिसता. मगे आनी औषध कित्याक? धुतलेल्या लुगड्याक परत साबण लावतंस?”

मी हसले. उल्हासही हसला. खरं सांगायचं तर आम्हा तिघांनाही ते पटलं. टाकीत घाण शिरताना कशी दिसते आणि बाहेर पडताना कशी दिसते ते आम्ही डोळ्यांनी बघत होतो, अजून काय पाहिजे? आमच्या बायकांचा सगळा धंदाच नजरेवर आणि नाकावर. पाणी चांगलं की वाईट, ते डोळा सांगतो, नाक सांगतं, आणि सगळ्यांत शेवटी तिसरी सांगते. तिसरी तोंड उघडत नाही म्हणजे पाण्यात खोट आहे, हे आयेला तिच्या आईनं शिकवलेलं, तिला तिच्या आईनं.

“माका अधिकार नाय काकी. मी ऑफिसात विचारून बघतंय,” उल्हास म्हणाला आणि त्यानं फोन लावला. “होय साहेब... खाजणवाडीच्यो बायका इल्यो असत... तिसऱ्यो मरतत म्हणतत... होय... होय... बरां साहेब.” फोन ठेवून तो आमच्याकडे वळला. “साहेब म्हणाले, लोकांची मागणी असेल तर बंद ठेव. नायतरी पिंपां वेळेर येनत नाय.”

आणि त्यानं तोटी फिरवली.

पुढच्याच भरतीला तिसऱ्यांनी तोंडं उघडली. आयेनं वाडीतल्या सगळ्या बायकांना हाक मारून बोलावलं. जुलेखाभाभी पाइपापाशी आली, पिशवीत हात घालून म्हणाली, “अनशाबाय, तुझो जीव लय चिवट गो. गटाराचां दूध करून घेतलंस तू.” त्या दिवसापासून खुंट्यांची रांगच लागली तिथे. पाटीमागून पाटी बाजारात जायला लागली आणि रिकामी होऊन यायला लागली. हॉटेलवालेही मागायला लागले, ज्यांच्या मोऱ्यांनी आमची खाडी नासली तेच!

डोहाळजेवण थाटात झालं. ओटी भरली ती गोडाधोडावर. खरं जेवण दुसऱ्या दिवशी दुपारी, माशाचं. आयेनं पहाटे उठून स्वतः तिसऱ्या निवडल्या. सुकं करताना मला चुलीजवळ फिरकू दिलं नाही. “तू उतरवतलंस उशिरा. तोंड उघडलां की लगेच उतरवची, नायतर चामडां होता.” शामल माझ्यासमोर बसली होती, हिरव्या साडीत, हातांत हिरव्या बांगड्या. पहिला घास तिनं घेतला आणि डोळेच मिटले. मग नुसत्या शिंपल्या चोखायला लागली, लहानपणी करायची तशी. विहीणबाईंनीही खाल्लं. खाल्लं आणि परत मागितलं. “विहीणबाई, वाळूचा कण नाही हो,” त्या म्हणाल्या. “आणि वास तर मुळीच नाही.”

आयेनं पळी खाली ठेवली. “आमच्या खाडीतल्योच असत,” ती म्हणाली.

मी या घरात आल्यापासून तिला इतकी सुखी कधी बघितली नव्हती. जाताना शामलबरोबर डबा दिला, तो यावेळी विहीणबाईंनी स्वतः पिशवीत ठेवून घेतला. त्यानंतरही येणाऱ्याजाणाऱ्याबरोबर डबे जात राहिले.

महिनाभर गेला असेल. आधी मला मळमळायला लागलं, अन्नाचा वास नको. मला वाटलं, आपल्यालाही दिवस राहिले की काय! जुलेखाभाभीची धाकटी सून अंथरुणाला खिळली. बाजारात या घरात कावीळ, त्या घरात कावीळ अशी बोलणी सुरू झाली. आये एकटी ठणठणीत होती. मला काढे करून देत होती, चिडवत होती. आणि शामलच्या नवऱ्याचा फोन आला की तिला जिल्ह्याच्या इस्पितळात नेलंय, तुम्ही निघा.

मी तशीच उठले. दोघी गेलो.

शामल खाटेवर उताणी पडली होती. डोळे हळदीसारखे पिवळे. पोट तेवढं मोठं, बाकी सगळी बाई सुकलेली. आयेला तिनं ओळखलं. “आये, खाज येता गो अंगाक,” एवढंच म्हणाली. आये तिची पाठ खाजवत बसली. शामलचा नवरा भिंतीला टेकून उभा होता, त्याचेही डोळे पिवळे होते.

डॉक्टर तरुण बाई होत्या. त्यांनी आम्हाला बाहेर बोलावलं. “ही कावीळ पाण्यातून येते. इतर माणसं पडतात, उठतात. पण पोटुशी बाईला शेवटच्या महिन्यांत झाली तर फार वाईट असते. तुम्ही घरात पाणी कुठलं पिता? बाहेरचं काही खाल्लं? तुमच्या भागातून रोज पेशंट येतायत, काहीतरी एक सगळ्यांच्या खाण्यात आलंय.”

“बाहेरचां काय्येक नाय,” आये म्हणाली. “माझ्या हातचां जेवण.”

“मासे? शिंपले वगैरे?”

“तिसऱ्यो.”

डॉक्टरांनी मान वर केली. “कुठल्या पाण्यातल्या? गटाराच्या पाण्यातल्या असतील तर त्यातूनही येतं हे. शिंपल्या पाणी गाळत बसतात, पाण्यातलं सगळं त्यांच्या पोटात साठतं. आणि तुम्ही लोक त्या जेमतेम शिजवता.”

आयेला राग आला. अगदी मनापासून राग आला. “गटाराच्या कशाला? आमच्यो तिसऱ्यो गटाराच्या नाय हां डॉक्टर! फिल्टरच्या पाण्यात ओकवलेल्यो असत. नगरपरिषदेचां नवां केंद्र असा. तेच्या पाइपाच्या तोंडार ठेवतंव आमी. काचेसारखां पाणी!”

डॉक्टर बाकावर आमच्या शेजारी बसल्या. मला आजही त्यांचं ते बसणं आठवतं, कारण डॉक्टर माणूस पेशंटच्या नातेवाइकाशेजारी बसलं की समजावं. “आजी,” त्या म्हणाल्या, “पाणी नितळ दिसलं म्हणजे स्वच्छ झालं असं नसतं. त्यातली घाण खाली बसते, वास जातो. पण रोगाचे जंतू दिसत नाहीत, ते त्यातच असतात. ते मारायला शेवटी औषध घालतात. पिंपातून सोडतात बघा, थेंब थेंब. ते घालत असतील तर मग एवढं...”

आये माझ्याकडे वळली. मी तिच्याकडे बघितलं नाही. कॉरिडॉरमध्ये कुणाचं तरी मूल रडत होतं आणि मी त्या मुलाकडे बघत राहिले. मला वाटत होतं, आता ही किंचाळेल, ऊर बडवील. ती उठली, आत गेली आणि शामलची पाठ परत खाजवायला लागली.

बाळ आधी गेलं, पोटातच. शामल त्यानंतर शुद्धीवर आली नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी ती गेली. विहीणबाई स्वतः तापानं फणफणलेल्या, तरी आल्या होत्या, आणि त्यांनी आयेच्या गळ्यात पडून हंबरडा फोडला. त्यांना काही माहीत नव्हतं. “विहीणबाई, तुमच्या हातचं शेवटपर्यंत मागत होती हो!” त्या म्हणत होत्या आणि आये दगडासारखी उभी होती. मला त्या क्षणी वाटलं, देवा, हिलाही थोडी कावीळ दिली असतीस. निदान अंथरुणात पडायची तरी मुभा मिळाली असती तिला. वाडीत तिच्या तिसऱ्या खाऊन सगळी आजारी पडली, एक तिलाच काही झालं नाही, आणि तेच तिला सहन होत नव्हतं. नंतर एकदा मला म्हणाली, “यम पण माझ्या हातचां खाणा नाय गो.”

शामल धरून किती माणसं गेली ते मी सांगत नाही. जुलेखाभाभीची सून वाचली, तिचं मूल नाही वाचलं. जुलेखाभाभीनं आमच्या घरावरून जाणं सोडलं.

पुढे काय झालं ते आत्ताच सांगून टाकते. आमच्या खाडीतल्या तिसऱ्या विकायला बंदी आली, ती आजवर उठलेली नाही. उल्हासला कामावरून काढलं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, ती अशी. त्याच्या जागी कुणी आलंच नाही. नगरपरिषद म्हणाली, लोकांनाच केंद्र नको आहे, लोकांनीच त्यात ढवळाढवळ केली. टाकीतल्या पाण्यात हवा मारणारी यंत्रं गंजली. मग कुणीतरी टाक्या टाळून गटार सरळ पाइपाला जोडून दिलं. आता त्याच पाइपातून काळंकुट्ट पाणी येतं, आधी व्हाळातून यायचं तसंच. माझा नवरा बोट सोडून माझ्या बाबांच्या धंद्यात आला, मी देवगडला परत आले. आये आली नाही. ती जाईपर्यंत त्याच घरात राहिली, खाडीकडचं दार बंद करून. ओहोटीची वेळ झाली की तिचे हात मांडीवर आपोआप हलायचे, चिखल उकरल्यासारखे. मी बघितलंय ते, आणि बघून बाहेर निघून गेलेय.

पण मला सगळ्यांत जास्त छळतो तो चौकशीचा दिवस.

केंद्राच्या आवारात मांडव घातला होता. वरून आलेले तीन साहेब खुर्च्यांवर, समोर वाडीतली आणि गावातली माणसं सतरंजीवर. उल्हासला उभं केलं होतं. ऑफिसातले साहेब, ज्यांच्याशी तो फोनवर बोलला होता, ते शांतपणे म्हणाले, “औषध बंद करा असं मी कधीच सांगितलेलं नाही. हा ऑपरेटरचा निष्काळजीपणा आहे.”

“तुमी फोनवर...” उल्हासनं तोंड उघडलं.

“काही पुरावा आहे तुझ्याकडे?” मधल्या खुर्चीतल्या साहेबांनी विचारलं. “आणि तुला औषध बंद करावंसं वाटलंच का? कुणाच्या सांगण्यावरून?”

उल्हासची नजर एकदा आयेवर गेली. मग त्यानं मान खाली घातली. सांगितलं असतं तर निदान अर्धा दोष तरी त्याच्या डोक्यावरून उतरला असता. पोरंबाळं होती त्याची. पण ज्या बाईची लेक गेली तिच्याकडे बोट दाखवायला त्याचं मन होईना.

आये सतरंजीवरून उठली. मी तिचा पदर धरला, तिनं तो सोडवून घेतला.

“साहेब, तेका काय विचारू नको. औषध मी बंद करूक सांगलंय.”

“तुम्ही कोण?”

“अनुसया कुबल. तिसऱ्यो विकी होतंय.”

बाजूच्या साहेबांनी मधल्या साहेबांच्या कानात काहीतरी सांगितलं. मधल्या साहेबांचा आवाज मऊ झाला. “आजी, तुमच्या घरात काय झालंय ते कळलं आम्हाला. तुम्ही बसा. भावनेच्या भरात काही बोलू नका.”

“भावनेत नाय बोलत. माझ्यो तिसऱ्यो तोंडां उघडी नाय होत्यो म्हणान मी हेका सांगलंय. हेना ऑफिसाक फोन लावल्यान. ऑफिसान हो म्हटल्यान. ह्या माझ्या सुनेन ऐकल्यान.”

मी उभी राहिले. “होय साहेब, मी तिथेच होते.” माझ्याकडे कुणी बघितलंही नाही.

साहेब हसले. तसं दुष्टपणानं नाही, लहान मुलाला समजावताना हसतात तसं. “म्हणजे तुम्ही एक शब्द टाकलात आणि ऑफिसनं लगेच ऐकलं? आजी, काहीतरी काय बोलता? तुमच्या सांगण्यावरून चालते का नगरपरिषद?”

आये त्यांच्याकडे बघत उभी राहिली. नगराध्यक्षांच्या टेबलावर पाटी पालथी करणारी ती बाई, तिचा आवाज आता मलाही नीट ऐकू येत नव्हता.

“नाय साहेब. माझो जलम गेलो सांगान सांगान, कधी चालूक नाय,” ती म्हणाली. “एकदाच चालली. नि माझां चेडू गेलां.”

साहेबांनी पुढचं नाव पुकारलं.